जगाच्या शाळा (भाग ७) : चिनी वर्गातल्या इंग्रजीच्या बाई

गेल्या आठवड्यात आपण चीनमधल्या प्राथमिक शाळेचं वेळापत्रक पाहिलं. आज त्यातला एकच तास घेऊ, इंग्रजीचा.

२००१ साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं ठरवलं. आधी शहरांत, मग गावांत. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत हा विषय पहिलीपासून आला तो २०००मध्ये, म्हणजे जवळपास त्याच वेळी. पण आपलं खेड्यातलं मूलही बस, डॉक्टर, पेन हे शब्द घरूनच घेऊन येतं. चिनी भाषेने अशा बहुतेक गोष्टींसाठी स्वतःचेच शब्द घडवले आहेत. तिथल्या मुलाच्या कानावर वर्गाबाहेर इंग्रजी फारशी पडतच नाही. त्यामुळे बाईंचा आवाज हीच त्याची इंग्रजी.

त्यातून अडचणी वेगळ्याच. पहिलीत मुलं पिनयिन शिकतात, म्हणजे रोमन अक्षरांतून चिनी उच्चार. तिथे ‘सी’ हे अक्षर ‘त्स’च्या जवळ जातं आणि ‘क्यू’ ‘छ’च्या. तिसरीत तीच अक्षरं नव्या आवाजांनी समोर येतात आणि मूल गोंधळतं. मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी ‘क’, ‘ट’, ‘प’ येत नाहीत, म्हणून ‘बुक’ म्हणताना मागे एक स्वर चिकटतो. ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच असल्याने ‘ही’ आणि ‘शी’ची सरमिसळ होते ती पार मोठेपणापर्यंत. हा मुलांचा निष्काळजीपणा नव्हे. हे ओळखणाऱ्या बाई रागावत नाहीत. हातवारे, गाणी, चित्रं वापरून तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवतात.

सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणण्याच्या तिथल्या पद्धतीवर बरीच टीका होते. मला ती पूर्ण पटत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात लाजऱ्या मुलाचं तोंड उघडतं ते या सामूहिक पठणातच. मात्र तास तिथेच संपला, तर त्या मुलाला स्वतःचा आवाज कधीच सापडत नाही. जोड्या लावून, प्रश्न विचारून त्याला एकट्याने बोलतं करणं हे खरं काम, आणि ते वेळखाऊ आहे.

पालकांचं लक्ष मात्र गाओखाओवर. बहुतेक प्रांतांत या प्रवेश परीक्षेच्या ७५० गुणांपैकी १५० इंग्रजीचे. २०२१मध्ये सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले, परदेशात बसून ऑनलाइन शिकवणाऱ्यांनाही मनाई केली. भार पुन्हा शाळेतल्या बाईंवर आला.

माझ्या मते तो योग्य ठिकाणी आला. मुलाची भाषा जाणणारी व्यक्तीच त्याची चूक कुठून आली हे सांगू शकते. पण त्यासाठी गावातल्या शिक्षकांना उच्चारांचं नीट प्रशिक्षण आणि लहान वर्ग मिळायला हवेत; नुसती नवी पुस्तकं पाठवून भागणार नाही.

पुढच्या आठवड्यात गाओखाओविषयीच सविस्तर.