टिटवाळ्याच्या एक स्टेशन पुढे

दसरा जवळ आला की कल्याण-ठाण्यातली कपड्यांची मोठी दुकानं जादा माणसं घेतात आणि दिवाळीची गर्दी ओसरली की त्यातल्या बऱ्याच जणांना घरी पाठवतात. ही ‘कॅज्युअल’ माणसं. बारावी झालेली, कॉलेज सांभाळून चार पैसे मिळवणारी. अनेकदा त्यांची नावं दुकानाच्या नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत असतात. काम विक्रीचं कमी, घड्या घालायचं जास्त. गिऱ्हाईक दहा कुर्ते उलगडून एक घेतं. उरलेले साइजप्रमाणे लावायचे, ट्रायल रूममधला ढीग हँगरला अडकवून पुन्हा फ्लोअरवर आणायचा. सगळं उभ्यानं.

या उभं राहण्यावरूनच केरळात लढा झाला. कोझिकोडच्या बाजारपेठेतल्या सेल्सगर्ल्सना विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने ‘पेणकूट्टू’ संघटनेत एकत्र आणलं. 2018 मध्ये केरळने दुकानात बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं, 2021 मध्ये तमिळनाडूनेही. आपल्याकडे स्टूल दिसलंच तर बिलिंगपाशी.

खडवलीहून येणाऱ्या मुलीला मात्र पायांआधी लोकलची काळजी. कल्याणहून खडवली जेमतेम 18 किलोमीटर. शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली. पण या बाजूच्या बऱ्याच गाड्या टिटवाळ्यालाच संपतात. पुढे जायचं तर आसनगाव किंवा कसारा लोकलच हवी, आणि ती नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेसच्याच रुळांवरून धावते. एक्स्प्रेसला वाट द्यायची तर लोकल थांबणार. ‘जरा अर्धा तास थांब’ हे फ्लोअर मॅनेजरला किरकोळ वाटतं. डोंबिवलीच्या मुलीलाही चालून जातं. खडवलीच्या मुलीची तेवढ्यात गाडी जाते.

आणि हा अर्धा तास बहुधा क्लोजिंगचा असतो. शटर अर्धं खाली आलं की गिऱ्हाईक जातं, काम राहतं: विस्कटलेली टेबलं, मालाची मोजणी, शेवटी बाहेर पडताना बॅगेची तपासणी.

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा ‘कामगार’ म्हणताना एजन्सीमार्फत आलेल्यालाही धरतो. त्यामुळे ‘तू आमची नाहीस, कॉन्ट्रॅक्टरची’ हे उत्तर इथे लंगडं पडतं. सलग पाच तासांनंतर अर्धा तास सुट्टी, आठवड्याला एक रजा, जादा वेळेला दुप्पट दर, ही त्यातली मुख्य कलमं. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी दिवसाचे 9 तास 10 करायला मान्यता दिली. लांब राहणाऱ्याला हा वाढलेला तास प्रवासावर चढवूनच मोजावा लागतो.

सगळ्यात कामाची तरतूद रात्रीची. साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवं. कायदा स्टेशनपर्यंत म्हणत नाही, दारापर्यंत म्हणतो. दोन महिन्यांच्या कॅज्युअलसाठी खडवलीपर्यंत गाडी काढायला कोण राजी होणार? म्हणून तिला सकाळची शिफ्ट द्यावी, हा साधा मार्ग आहे. पण खरी विक्री संध्याकाळची, आणि माणसं लागतात तीही संध्याकाळीच.

मुलाखतीत पगार सगळेच विचारतात. हजेरी शटर पडल्यावर संपते की बॅग तपासून झाल्यावर, जादा वेळ कोण लिहून ठेवतं आणि रात्री सोडायची सोय कोणाची, हेही विचारून घ्यावं. वर्षअखेरच्या सेलला हात शिकलेली माणसं लागतात, तेव्हा दिवाळीत काम केलेल्यांनाच आधी फोन जातात. हे प्रश्न त्या फोनवर विचारणं जास्त सोपं जातं.