घरच्या मत्स्यपैदाशीसाठी पाणी गाळण्याची पद्धत कोणती?

पन्हाळा : पडवीत काचेच्या चार-सहा टाक्या मांडून गप्पी, मोली, एंजल, फायटर अशा शोभिवंत माशांची पैदास करणे हा छंद जोडधंदाही ठरू शकतो. केंद्र शासनाने २०२० मध्ये सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठीही अनुदानाची तरतूद करण्यात आली. मात्र टाक्या वाढल्या, की पाणी शुद्ध राखण्याचा प्रश्न उभा राहतो. एका रात्रीत पिल्ले दगावतात तेव्हा त्यामागे अनेकदा रोग नसून पाण्यात साचलेला अमोनिया असतो.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. गाळण यंत्रणा म्हणजे केवळ कचरा अडविणारी जाळी नव्हे, तर या जिवाणूंचे घर होय. नव्या टाकीत ते वसण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात.

स्पंज फिल्टर
पैदाशीसाठी हा सर्वांत सोपा पर्याय. हवेच्या एकाच मोठ्या पंपावर नळ्या व तोट्यांच्या साह्याने अनेक टाक्या चालतात. प्रवाह मंद असल्याने पिल्ले ओढली जात नाहीत आणि फायटर माशाचे बुडबुड्यांचे घरटेही मोडत नाही. प्रत्येक टाकीचे पाणी वेगळे राहत असल्याने, जाळी व भांडी स्वतंत्र ठेवल्यास, रोगाचा फैलावही टळतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवावा. नळाच्या पाण्यातील क्लोरिनमुळे जिवाणू मरतात.

सामाईक संप
सर्व टाक्यांचे पाणी खालच्या एका टाकीत उतरवून, गाळून पुन्हा वर चढविले जाते. पाण्याचा एकूण साठा मोठा असल्याने तापमान व गुणवत्ता स्थिर राहते, देखभालीचे श्रमही वाचतात. परंतु एका टाकीतील रोग सर्वत्र पोहोचतो. अतिनील किरणांचा दिवा पाण्यात तरंगणारे जंतू मारतो. माशांच्या अंगावरील नाही. त्यामुळे नवे व आजारी मासे वेगळ्या टाकीतच ठेवावेत. वीज गेल्यावर वरून उतरणारे पाणी सामावेल, एवढी जागा संपमध्ये रिकामी हवी.

डोंगरावरची दक्षता
पन्हाळ्यासारख्या अतिपावसाच्या, जांभ्या खडकाच्या परिसरात पाणी बहुधा मृदू असते. जिवाणूंच्या कामात पाण्यातील कार्बोनेट खर्ची पडते. ते संपल्यास पाणी आम्लधर्मी होऊन जिवाणू मंदावतात. फिल्टरमध्ये शिंपल्यांचा स्वच्छ चुरा ठेवल्यास ही उणीव भरून निघते. थंडीतही त्यांचा वेग घटतो, म्हणून हिवाळ्यात हीटर व मोजके खाद्य आवश्यक ठरते.

वीज खंडित झाल्यास प्राणवायू घटतो आणि मासे व जिवाणू दोघेही संकटात येतात. अशा वेळी बॅटरीवरील पंप उपयोगी पडतो. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. अन्यथा नळीतून पाणी उलटे येऊन तो निकामी होतो.

थोडक्यात, १०-१२ टाक्यांपर्यंत स्पंज फिल्टर सोयीचा आणि कमी जोखमीचा. एकाच जातीच्या माशांची मोठी पैदास करावयाची असेल, तर वाढीच्या टाक्या संपवर आणि अंडी-पिल्लांच्या टाक्या स्पंजवर, अशी विभागणी हितावह ठरते. पद्धत कोणतीही असो, ठराविक दिवशी थोडे पाणी बदलणे चुकत नाही, कारण नायट्रेट यांपैकी कोणताही फिल्टर काढून टाकत नाही.