नवी मराठी पुस्तके : वयोगट, वाङ्मयप्रकार आणि महाविद्यालयीन ग्रंथालय

प्रस्तावना

नवे पुस्तक ग्रंथालयात आले की दाखल नोंदवहीत त्याची नोंद होते, वर्गांक पडतो आणि त्याची जागा ठरते. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे; कादंबरी-कथेसाठी त्यापुढे ३ लागतो. चरित्र-आत्मचरित्र बहुधा वेगळ्या कपाटात जाते. बालसाहित्याचा प्रश्न महाविद्यालयात सहसा उद्भवतच नाही, कारण ते खरेदीच होत नाही. प्रौढ आणि बाल, ललित आणि ललितेतर असे चार कप्पे व्यवस्थेच्या सोयीसाठी आवश्यक असले, तरी मराठी ग्रंथव्यवहाराचा इतिहास पाहता ते कप्पे पुस्तकांना फारसे मानवलेले नाहीत, असे दिसून येते. नव्या पुस्तकांची निवड करणाऱ्या प्राध्यापकवर्गाने हा मुद्दा ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

सीमारेषेचा इतिहास

मराठी मुद्रित गद्याचा आरंभच मुळी मुलांसाठीच्या पुस्तकांनी झाला, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरणार नाही. तंजावरला सरफोजीराजांच्या मुद्रणालयात १८०६ मध्ये इसापच्या कथांचा ‘बालबोधमुक्तावली’ हा मराठी अनुवाद छापला गेला. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ व इसापनीतीची पुस्तके १८२८ मध्ये निघाली. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. म्हणजे प्रौढांच्या कादंबरीपूर्वी सुमारे अर्धशतक मराठी गद्य मुलांच्या निमित्ताने वाक्यरचना, संवाद आणि कथनाची रीत घडवीत होते. बालसाहित्य ही प्रौढ साहित्याची धाकटी, उपेक्षित शाखा होय, हा समज कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही.

‘श्यामची आई’ (१९३५) हे तर या प्रश्नाचे उत्तम उदाहरण. आज ते मुलांच्या हाती दिले जाते. परंतु त्यातील श्याम आपल्या आठवणी रात्रीमागून रात्री सांगतो तो आश्रमातील मित्रांना. ते कादंबरी म्हणावे की आत्मकथन, हेही निश्चित ठरलेले नाही. दुसरी रेषा, म्हणजे ललित आणि ललितेतर यांतील रेषा, १९७० नंतरच्या दलित व भटक्या-विमुक्तांच्या स्वकथनांनी पुसट केली. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके आत्मचरित्राच्या कपाटात ठेवली तर त्यांचे वाङ्मयीन सामर्थ्य झाकले जाते. कथात्म साहित्यात ठेवली तर त्यांतील साक्षीचे मोल उणावते. उलटपक्षी ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी असून आत्मचरित्राचे रूप घेऊन येते.

अलीकडील चित्र

साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी आणि २०११ पासून युवा लेखकांसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केले. त्यामुळे बालसाहित्याला प्रतिष्ठा लाभली हे खरेच. पण मराठीतील मानकऱ्यांची नावे पाहिली की कप्प्यांची भिंत किती पातळ आहे ते कळते. २०१८ चे रत्नाकर मतकरी हे नाटककार आणि गूढकथाकार. २०२४ मध्ये ‘समशेर आणि भूतबंगला’साठी गौरवले गेलेले भारत सासणे हे प्रौढांच्या दीर्घकथेतील अग्रगण्य नाव. त्याच वर्षी अकादमीचा मुख्य पुरस्कार सुधीर रसाळ यांच्या ‘विंदांचे गद्यरूप’ या समीक्षाग्रंथाला मिळाला, आणि विंदा करंदीकर हे स्वतः प्रौढ कवितेइतकेच बालकवितेचेही कवी. युवा पुरस्कार मिळालेली देवीदास सौदागर यांची ‘उसवण’ (२०२४) ही छोटेखानी कादंबरी तयार कपड्यांच्या बाजारपेठेपुढे हतबल होणाऱ्या शिंप्याची कथा सांगते. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकालाही ती वर्गात वापरता येईल. मात्र ती मराठी विभागाच्या मागणीपत्रकाबाहेर क्वचितच जाते.

याबाबतीत माधुरी पुरंदरे यांच्या लेखनाकडे विशेष लक्ष वेधावेसे आहे. पिकासोचे चरित्र, फ्रेंच नाटकांचे अनुवाद, मुलांसाठी कथा आणि त्या कथांची चित्रे हे सर्व एकाच हातून उतरले आहे. ‘राधाचं घर’ या छोट्या पुस्तकांत घरातील माणसे उपदेशाविना, साध्या बोलीत भेटतात. ‘वाचू आनंदे’ या संकलनांत नामवंत मराठी लेखकांचे उतारे बाल व कुमार गटांसाठी चित्रांसह येतात, तर ‘लिहावे नेटके’ हे लेखन व व्याकरणाच्या सरावाचे पुस्तक. शेवटची दोन्ही पुस्तके शाळेसाठी आहेत असे समजून महाविद्यालये ती टाळतात. वस्तुतः ज्या विद्यार्थ्याच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक आलेले नाही आणि ज्याचे वाचन मार्गदर्शकांपुरते सीमित राहिले आहे, त्याला पदवीच्या पहिल्या वर्षी एकदम ‘कोसला’ हाती देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला डोहात ढकलण्यासारखे आहे. कुमार गटाचे वाचन त्याच्याकडून राहून गेले आहे. ते भरून काढण्याची सोय ग्रंथालयात हवी. त्यात कमीपणा वाटण्याचे कारण विद्यार्थ्यापेक्षा संस्थेच्याच मनात अधिक असते.

नवे पुस्तक कळते कसे?

पुस्तक निवडण्यापूर्वी ते प्रसिद्ध झाले हे कळावे लागते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० ची पुढील सूची १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. एका व्यक्तीच्या चिकाटीतून उभे राहिलेले ते काम त्याच काटेकोरपणे पुढे नित्य चालू राहिले नाही. ग्रंथप्रदान अधिनियम, १९५४ नुसार प्रकाशकाने प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला व अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठविणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्रंथसूची या जमा प्रतींवरच आधारलेली असल्याने प्रत न पाठविलेले पुस्तक सूचीतही येत नाही. लहान गावातील प्रकाशक आणि स्वखर्चाने पुस्तक काढणारा लेखक यांचा या गळतीत मोठा वाटा असणे स्वाभाविक आहे.

राहता राहिले पुरस्कार. परंतु अकादमीच्या २०२४ च्या मुख्य पुरस्कारासाठी २०१८ ते २०२२ या काळात प्रथम प्रकाशित झालेली पुस्तके विचारात घेतली गेली. पुरस्कारांची यादी हाती धरून खरेदी करणारे ग्रंथालय म्हणूनच नव्या पुस्तकापासून किमान दोन वर्षे दूर असते. त्यात आर्थिक वर्षअखेरची घाई असतेच: मार्चमध्ये अनुदान संपविण्यासाठी विक्रेत्याने दिलेल्या यादीवर स्वाक्षरी होते, आणि त्या यादीत काय नव्हते हे कोणी विचारत नाही. याऐवजी दिवाळी अंकांतील व वाङ्मयीन नियतकालिकांतील परीक्षणे वर्षभर टिपून ठेवणे, प्रत्येक विभागाने आपल्या विषयाबाहेरचे किमान एक नवे पुस्तक सुचविणे आणि कुमार वाचनासाठी खरेदीच्या रकमेचा लहानसा हिस्सा राखून ठेवणे, ही कामे ग्रंथालय समितीच्या अधिकारात बसतात. त्यांसाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.