आजोबांची फाइल

बडोद्याच्या नागरवाड्यात आमचं घर. तिथल्या आठवणी आजोबांनी एका वहीत लिहिल्या होत्या आणि २००४ साली दांडिया बाजारातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. वही पुढे वाळवीने खाल्ली. उरली ती सीडीवरची वर्डची फाइल. आपल्या अंकासाठी त्यातलं एखादं प्रकरण द्यावं म्हणून मी ती उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि अर्धविराम. मराठीचा पत्ता नाही!

फाइल जुन्या 'डॉक' प्रकारातली, म्हणून असं होत असेल असं वाटलं. वर्ड २००७ पासून 'डॉकएक्स' आलं. मग मी ती लिबरऑफिसमध्ये उघडून डॉकएक्स म्हणून सेव्ह केली. मिनिटभराचं काम. परिच्छेद, ठळक शीर्षकं, समास, सगळं नीट आलं. आणि मजकूर होता तसाच अगम्य.

कारण मी फक्त डबा बदलला होता. डॉकएक्स म्हणजे खरं तर झिप केलेलं एक गाठोडंच असतं. नावाच्या शेवटी झिप लिहून ते उघडलं की आत 'डॉक्युमेंट' नावाची फाइल सापडते, तिच्यात आपला मजकूर. तिथे 'मराठी' हा शब्द नव्हताच. होती ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं (त्यातलं बी तेवढं कॅपिटल). कृतिदेव फॉन्टमध्ये ई-च्या जागी म-चं चित्र असतं, जे-च्या जागी र-चं. फॉन्ट आहे तोवर मराठी, तो गेला की सोंग उतरलं. आमच्या गल्लीतल्या सायबरवाल्याने तर गुजराती फॉन्ट लावून पाहिला, मग तीच अक्षरं गुजरातीत निरर्थक दिसायला लागली.

युनिकोडमध्ये म-ला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही लावा. म्हणजे खरं रूपांतर करायचं ते कृतिदेवमधून युनिकोडमध्ये. त्यासाठी फुकट कन्व्हर्टर मिळतात, पण नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल पुरत नाही. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. 'सूर्य'मधला रफार जुन्यात य-नंतर येतो, नव्यात र् य-च्या आधी. हे बहुतेक कन्व्हर्टर सांभाळतात. फसतात ते इंग्रजीपाशी. आजोबांनी स्वतःच्या नावापुढे इंग्रजीत बी.ए. लिहिलं होतं, त्याचं झालं 'ठण्।ण्'. मजकूर कॉपी करून टाकला की कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहिती गळून जाते, आणि कन्व्हर्टर इंग्रजीलाही कृतिदेवच समजतो. म्हणून इंग्रजी शब्द आधीच बाजूला काढा, आणि मूळ फाइल कधीही पुसू नका.

एवढं करूनही एक वाक्य अडलं. काकांच्या मुंजीनंतर 'आचार्यांना दक्षिणा देऊन निरोप दिला.' मुंज म्हटल्यावर आचार्य असणारच, मीही पुढे गेले असते. पण फाइलभर 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' आणि 'पायऱ्या'चं 'पायर्या' झालेलं होतं. टाइप करणाऱ्याने सगळीकडे रफारच दिला होता. म्हणजे चूक २००४ सालचीच, कन्व्हर्टरची नाही. 'पायर्या' चुकलंय हे कुणालाही कळेल. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' मात्र दोन्ही बरोबर.

आजीला फोन लावला. ती ऐकून हसायलाच लागली. "अगं, आचारी! दोनशे पानं उठवली त्यांनी त्या दिवशी. भटजींना दक्षिणा सकाळीच दिली होती." मग म्हणाली, "पुढे काय लिहिलंय, वाच."

आता दर रविवारी मी तिला दोन पानं वाचून दाखवते. सत्तावीसपैकी अकरा झाली आहेत.