पिशवीतली रोपवाटिका

भाजी घेतल्यावर ‘वर थोडा कढीपत्ता घाला हो’ म्हटलं की फुकट काडी मिळायचे दिवस बऱ्याच ठिकाणी संपले. भर पावसात तर कोथिंबिरीची जुडी भाव विचारून परत ठेवावी लागते. तरीही ही रोपं घरी लावण्याचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं : ‘आमच्याकडे काही जगत नाही, माझ्या हाताला गुणच नाही.’ हाताला बोल लावण्याआधी पेरलं कोणत्या महिन्यात आणि ऊन येतं कुठून, एवढं तपासावं. बियाण्यासाठी नर्सरी गाठायचीही गरज नाही. मंडई आणि किराण्याचं दुकान पुरतं.

कोथिंबीरच घ्या. धणा हे मुळात फळ आहे आणि त्याच्या पोटात दोन बिया असतात. लाटण्याखाली हलकेच रगडून त्याच्या दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या खोल पेरायच्या. धणे नव्या हंगामाचे, वासाचे हवेत. भाजलेले अर्थातच चालणार नाहीत. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात, थंडी असेल तर थोडं थांबावं लागतं. कोथिंबिरीचं मूळ सरळ खाली जातं आणि हलवलेलं तिला सोसत नाही. म्हणून ट्रेमध्ये रोपं करून मग कुंडीत लावण्याची हौस इथे नको. जिथे वाढवायची तिथेच पेरावी. एप्रिल-मेमध्ये पेरली तर धड पानं येण्याआधीच तुरा धरते, जुलैत पेरली तर बुंध्याशी कुजते. गुण नाही म्हणणाऱ्या बहुतेकांनी तिला याच महिन्यांत पेरलेलं असतं, असा माझा संशय आहे! दसऱ्यापासून माघापर्यंतचे दिवस तिचे. उपटू नका, बाहेरची पानं कात्रीने कापा, म्हणजे तीच कुंडी दोन-तीनदा हाताशी येते.

पुदिन्याला एवढे लाड लागत नाहीत. जुडीतल्या जाड काड्यांची खालची पानं काढून त्या पेल्यात पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात पेरांना पांढरी मुळं सुटतात. त्याला खोल कुंडीपेक्षा पसरट कुंडी मानवते, कारण तो धुमारे टाकत आडवा पळतो. शेजारी दुसरं रोप मात्र लावू नये. ते टिकत नाही.

सब्जाची गंमत अनेकांना ठाऊक नसते. पिझ्झा-पास्त्यावर मिरवणारी इटालियन बेझिल आणि फालुद्यातला सब्जा या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या वनस्पती आहेत. किराण्यातला सब्जा ओल्या मातीवर नुसता भुरभुरला तरी उगवतो. त्याची पानं इटालियन वाणासारखी मोठी नसतात आणि वासही जरा वेगळा, पण चटणीला आणि सॅलडला झकास.

कढीपत्त्याचं काम धीराचं. बी ताजं, पिकून काळं झालेल्या फळातलंच हवं. वाळवून ठेवलेलं रुजत नाही. त्यापेक्षा ज्यांच्या दारात झाड आहे त्यांच्याकडून मुळाशी फुटलेलं पिल्लू मागून आणावं. थंडीत त्याची वाढ थांबते, पानं पिवळी पडून गळतात. घाबरून पाणी वाढवलं की मूळ सडून रोप जातं. उलट पाणी कमी करायचं आणि फाल्गुन-चैत्रातल्या नव्या फुटीची वाट पाहायची. हे झाड लिंबाच्या कुळातलं, त्यामुळे लिंबावरची फुलपाखरं इथेही अंडी घालतात. पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर नीट पाहा, ती अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते. घरात मुलं असतील तर चार पानं तिला द्यावीत.

आता घराच्या आत काय जगतं? खरं सांगायचं तर फार थोडं. ओट्याच्या खिडकीत पुदिना आणि भजीचा पानओवा तग धरतात. तुळस, सब्जा आणि गवती चहा यांना चार-सहा तास थेट ऊन लागतंच. जिथे ऊन अजिबात येत नाही तिथे समुद्रमेथी करावी. मुंबईत समुद्राकाठच्या वाळूत पिकवून चिमुकल्या जुड्यांनी विकतात तीच ही. दाण्यातल्या शिदोरीवर ती वाढते, त्यामुळे पसरट डब्यात वाळूवर दाट पेरली की दहा-बारा दिवसांत खायला तयार.

उन्हाची जागाही वर्षभर एक नसते. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. तेव्हा त्याच खिडकीत ऊन शोधावं लागतं. कुंड्या सरकवायच्या, दुसरा इलाज नाही.

मातीचं थोडक्यात. नुसती लाल माती कुंडीत विटेसारखी बसते; निम्म्या भागात कुजलेलं खत किंवा पालापाचोळा हवाच. प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोलकरांनी शहरातल्या गच्च्यांसाठी पाचोळ्यापासून ‘अमृतमाती’ करण्याचा मार्ग दाखवला. सोसायटीचा झाडूवाला रोज सकाळी जे जाळतो, ते याच कामाचं आहे. त्याला एक पोतं आधी सांगून ठेवा.

आणि दिवाळी आली की धणे भिजवा. पाडव्याला पेरलेल्या कोथिंबिरीची पहिली खुडणी चंपाषष्ठीच्या भरताला मिळते.