तीच उडी, तोच ओटा

निबंधाच्या वह्या तपासताना एखादं वाक्य असं येतं, की लाल पेन हातातच राहतं. चौथीतल्या एका मुलीने 'माझे बाबा' या निबंधात लिहिलं होतं, 'बाबा रोज जेवण झाल्यावर तोच व्हिडिओ गेम खेळतात. त्यांना तो सगळा पाठ आहे. तरी खेळतात.' मला हसूच आलं. तिचे बाबा माझ्याच वयाचे, पस्तिशीचे. खेळ कुठला, हे मी न विचारताच ओळखलं. क्रॅश बँडिकूट! पण तिची शंका अगदी रास्त आहे. जो खेळ पाठ आहे, तो पुन्हा पुन्हा कशासाठी खेळायचा?

आधी हा खेळ कसला ते पाहू. अशा खेळांना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. पुणे स्टेशनच्या फलाटाशी याचा काही संबंध नाही बरं का! इथे प्लॅटफॉर्म म्हणजे ओटा, फळी, पायरी, दगड. ज्यावर उडी मारून उभं राहता येईल असं काहीही. मध्ये दरी नाहीतर पाणी. उडी चुकली, की गेला एक जीव. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममधला जुना मारिओ डावीकडून उजवीकडे पळायचा, कागदावरच्या चित्रासारखा. १९९६ साली जपानमधल्या शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सुपर मारिओ ६४' आणला आणि हा मारिओ जणू चित्रातून उतरून अंगणात आला. आता तो आत, बाहेर, गोल गोल, कुठेही जाऊ शकत होता. खेळ सुरू होतो एका किल्ल्यासमोरच्या हिरवळीवर. तिथे शत्रू नाही, घाई नाही. झाडावर चढा, खंदकात पोहा, नुसते हुंदडा! त्याच वर्षी अमेरिकेतल्या नॉटी डॉग कंपनीचा क्रॅशही आला.

यात एक गंमत आहे. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा. जमत नाही ना चटकन? वस्तू किती लांब आहे हे आपल्याला दोन डोळ्यांमुळे नीट कळतं. टीव्हीचा पडदा तर सपाट. मग उडी मारलेला मारिओ नेमका कुठे पडणार, हे खेळणाऱ्याला कसं कळावं? त्यासाठी त्याच्या बरोबर खाली एक गोल काळी सावली दाखवलेली असते. सूर्य कुठेही असो, सावली पायाखालीच! विज्ञानाच्या पेपरात हे चुकीचं ठरेल. पण सावली ओट्यावर आली, की खुशाल उतरायचं.

आम्ही हा खेळ मे महिन्याच्या सुट्टीत सदाशिव पेठेत, मावशीच्या वाड्यात खेळायचो. मावसभावाकडे प्लेस्टेशन होतं. कंट्रोलर एक आणि भावंडं पाच. एक जीव गेला, की पुढच्याची पाळी. मेमरी कार्ड नव्हतं, त्यामुळे मशीन बंद केलं की सगळी कमाई पुसली जायची आणि दुसऱ्या दिवशी श्रीगणेशा. क्रॅश वाळूत पालथा पडलेला असतो, तो उठतो आणि पळू लागतो. त्या किनाऱ्यावरचा खेकडा न् खेकडा आमच्या ओळखीचा झाला होता. लाईट गेले, की आम्ही चौकात 'डोंगर का पाणी' खेळायचो. ओटा, पायरी, हौदाचा काठ म्हणजे डोंगर. फरशी म्हणजे पाणी. राज्य असेल त्याने पाण्यात गाठलं, की आऊट! आता विचार करा, हा प्लॅटफॉर्म गेम नाही तर दुसरं काय?

तो वाडा आता नाही. तिथे बिल्डिंग झाली, चौकाच्या जागी पार्किंग आलं. पुण्यात असे कितीतरी वाडे गेले. पण क्रॅशचा किनारा आहे तिथेच आहे. दगड तोच, खड्डा तोच, खेकडा तसाच तिरका चालतो. दिवसभर ऑफिसात डोकं शिणवून आलेल्या माणसाला अशी एखादी जागा हवी असते. तिथलं काहीही हललेलं नसतं आणि कुठे उडी मारायची हे आपल्या बोटांना ठाऊक असतं.

हो, बोटांनाच! २०१७ मध्ये क्रॅशचे पहिले तीन खेळ नव्या, झकपक चित्रांसह पुन्हा निघाले. रंग छान, केस न् केस दिसतो. पण जुन्या खेळाडूंची तक्रार आली, की उडी पूर्वीसारखी नाही. आणि खरंच, हा क्रॅश उडी मारल्यावर जुन्यापेक्षा जरा लवकर खाली येत होता. बनवणाऱ्यांनीही फरक असल्याचं मान्य केलं. वीस वर्षांनंतर क्षणाच्या तुकड्याएवढा फरक हातांनी पकडला! पाढे असे पाठ असते तर, असं माझ्यातल्या बाईंना वाटून गेलंच.

मराठीत याला स्मरणरंजन म्हणतात. इंग्रजीतला नॉस्टॅल्जिया हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने बनवला, तो मात्र आजाराचं नाव म्हणून. घरापासून दूर गेलेल्या माणसांना घराची ओढ लागून ती खंगतात, तो आजार. आता त्याला कोणी रोग म्हणत नाही.

पालक म्हणतील, 'बाई, तुम्हीच असं सांगायला लागलात तर झालंच!' माझं म्हणणं एवढंच, की सगळे खेळ एका मापाने मोजू नका. मोबाईलवरचे कित्येक खेळ संपतच नाहीत. दर पाच मिनिटांनी जाहिरात दाखवतात, नाहीतर पैसे मागतात. हे जुने खेळ संपतात. एक टप्पा झाला, की कंट्रोलर खाली ठेवता येतो. बाबांनी ठेवला, तर मुलंही ठेवतील!

आणि असे खेळ जपान-अमेरिकेतच होतात असं नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने 'राजी' नावाचा खेळ बनवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी मागून पाहिली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबलं नाही. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, खेळ निंटेंडोच्या यंत्रावर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या यादीत त्याला नामांकन मिळालं. राजी ही खेळ-कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत ती महालांच्या कठड्यांवरून उड्या मारत जाते. गोष्टीतले काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे दाखवले आहेत. वर्गात मी याची चित्रफीत लावली होती. राजीने लढता लढता खांबाला धरून गर्रकन गिरकी घेतली, तशी मल्लखांबाला जाणारी दोन पोरं बाकावर उभी राहून ओरडली, 'बाई, हे तर आमचंच!'