दया, दरवाजा राहू दे, आधी डिग्री बघ!

टेस्ट ट्यूब हलवली, रंग बदलला, खुनी सापडला! १९९८ पासून ‘सीआयडी’तल्या डॉ. साळुंखेंनी आपल्याला हेच दाखवलं. पण राजेहो, खरंखुरं साळुंखे व्हायला शिकावं काय लागतं, माहीत आहे का? दिग्रसकरांनो, घंटीबाबांचं नाव घ्या आणि डोक्यातली घंटी वाजवा!

मुंबई? गरजच नाही! नागपुरातच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर धरून राज्यात अशा तीन. बारावी सायन्सनंतर थेट बीएस्सी फॉरेन्सिक सायन्स. मॅथ्सवाले असोत की बायोवाले, दोघांनाही एन्ट्री!

बारावीला सुचलंच नाही? नो टेन्शन! दिग्रसमध्येच साधी बीएस्सी करा, मग एमएस्सी फॉरेन्सिकची गाडी पकडा. सायबर फॉरेन्सिकचा पीजी डिप्लोमाही आहे. चोर ऑनलाइन, तर पोलीस ऑफलाइन कसे चालतील?

फॉरेन्सिकची अख्खी युनिव्हर्सिटी! माहीत आहे का? गांधीनगरच्या विद्यापीठाला २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. गोव्यात कॅम्पस झाला आणि मे २०२५ मध्ये नागपूरच्या कॅम्पसची पायाभरणीही झाली. म्हणजे पुरावे विदर्भाकडेच बोट दाखवतायत!

दात दाखवा, गुन्हेगार पकडा! डेंटिस्ट मंडळी फॉरेन्सिक ओडोन्टोलॉजीत एमएस्सी करतात. मनात डोकावायचंय? फॉरेन्सिक सायकॉलॉजी. कॉमर्सवाले, रुसू नका: सीएंसाठी फॉरेन्सिक अकाउंटिंगचा सर्टिफिकेट कोर्स आहे. इथे रक्ताचे नाही, रकमेचे डाग शोधायचे!

पोस्टमॉर्टेम कोण करतं? बीएस्सी फॉरेन्सिकवाला? चूक! ते डॉक्टरांचं काम. आधी एमबीबीएस, आणि तज्ज्ञ व्हायचं तर फॉरेन्सिक मेडिसिनमध्ये एमडी. एमबीबीएससाठी यवतमाळचं शासकीय मेडिकल कॉलेज जवळच आहे.

मिठाला जागणारा व्हिसेरा! विषाच्या तपासणीसाठी काढलेले अवयव बहुतेकदा टिकवतात कशात, माहीत आहे का? साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणात! आणि फवारणीतल्या विषबाधेची झळ सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला टॉक्सिकॉलॉजीचं मोल वेगळं सांगायला नको.

जुळ्यांची गोची! एकसारख्या जुळ्यांचा डीएनए साध्या चाचणीत वेगळा ओळखू येत नाही, पण बोटांचे ठसे वेगळेच! ठशांच्या नोंदी ठेवणारं जगातलं पहिलं ब्युरो मात्र लंडनमध्ये नाही, आपल्या कलकत्त्यात निघालं, १८९७ साली.

मागणी का वाढतेय? १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल, तर फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायलाच हवं. ही सोय उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे आज अकरावीत असलेल्यांचं टायमिंग परफेक्ट!

शेवटचा ट्विस्ट! सरकारी प्रयोगशाळा अमरावतीलाही आहे, पण तिथल्या सगळ्या खुर्च्या फॉरेन्सिक डिग्रीसाठीच राखीव नसतात. केमिस्ट्री, फिजिक्स, कॉम्प्युटरवालेही स्पर्धेत असतात. म्हणून फी भरण्याआधी जुन्या भरतीच्या जाहिराती काढा, पात्रतेची ओळ शोधा, कॉलेजची मान्यता तपासा. आधी पुरावा, मग प्रवेश!